आत्याने घालून पाहिलेले जोड

"आई, आत्याआजीला गुदगुल्याच होत नाहीत," असं टाचणीने मला सांगितलं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला छळू नये, जा, हात धुऊन ये. टाचणी म्हणजे माझी मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिच्या बापाने पाडलेलं नाव. ती हात धुवायला गेली नाही. दारातच उभी राहून तिने आपला पुरावा मांडला: आधी बोटाने केल्या, मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने केल्या, मग पुढच्या टोकाने केल्या, आणि आत्याआजी आपली चपलेला टाके घालत बसली होती. मी म्हटलं, मोठ्या माणसांना नाही होत गुदगुल्या. ती म्हणाली, बाबांना होतात, बाबा तर ओरडतात. मी म्हटलं, बाबा मोठे नाहीत. यावर ती हसली, मी हसले आणि विषय संपला. खरं तर मी काळजीचं घाऊक दुकान मांडून बसलेली बाई आहे. जिन्याच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर, समोरच्या बाईंचा खोकला, दुधाच्या पिशवीवरची तारीख, शाळेच्या बसचा एक टायर दुसऱ्यापेक्षा गुळगुळीत असणं, यातलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. नवरा म्हणतो, ही झोपेतसुद्धा एक डोळा उघडा ठेवते, फक्त कोणता ते रोज बदलतं. अशा माझ्या दारात एवढी मोठी बातमी चालत आली आणि मी तिला हात धुवायला पाठवलं.

मग मधे बरेच दिवस गेले असतील, आणि एका दुपारी मी आत्याच्या खोलीत बसले होते. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि ती त्याच इमारतीत तळमजल्यावर, एकटी, एक खोली आणि अर्ध्या स्वयंपाकघरात. ती खाटेवर पाय लांब करून पडली होती, बोलता बोलता तिचा डोळा लागत होता, आणि एकदम वारा सुटला. मागच्या अंगणात माझ्या चादरी वाळत होत्या. मी उठले, उंबऱ्यापाशी तिच्या चपला होत्या त्यांत पाय सरकवले, पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं टाकताच आलं नाही. टाचेत असं काही घुसलं की माझ्या तोंडून निघालेला आवाज वरच्या मजल्यावर टाचणीने ऐकला आणि तिला वाटलं पाल आली. मी भिंतीला धरून चप्पल काढली. टाचेच्या जागी आत्याने नव्या रबराचा तुकडा बसवला होता, आणि त्या तुकड्यातून एक बारीक खिळा वर डोकं काढून उभा होता. डोकं कसलं, टोक. मी विचारलं, आत्या, ही चप्पल तू कधीपासून घातलीयस? ती डोळे न उघडता म्हणाली, सकाळपासून. बाजारात जाऊन आले, पोस्टात उभी राहिले, येताना डेपोवरून वळसा घेतला. मग जरा थांबून, कौतुकाची वाट बघणाऱ्या माणसाच्या आवाजात तिने विचारलं, "का गं? मऊ आहे ना?"

मऊ. मी एका पायावर उभी होते, हातात चप्पल होती, आणि माझ्या टाचेतून रक्ताचा एक थेंब तिच्या स्वच्छ फरशीवर पडायच्या बेतात होता. बाहेर माझी एक चादर दोरीवरून सुटून कुंपणावर जाऊन बसली होती, ती मला दिसत होती, पण तिच्याकडे जायचं सुचत नव्हतं. काही क्षण असे असतात की त्यांना आतून कडी असते. बाहेरचा माणूस ठोठावत राहतो. मी त्या खोलीकडे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते. खाटेखाली चपला. माळ्यावर पोत्यांत चपला. कपाटावर, वर्तमानपत्राचे बोळे पोटात भरलेले कॅनव्हासचे बूट, तोंडं भिंतीकडे करून, शिक्षा झालेल्या मुलांसारखे. कोपऱ्यात बंद पडलेला फ्रिज, त्यातही चपला. त्याचं दार घट्ट बसतं, उंदीर शिरत नाहीत, असं आत्याचं म्हणणं. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाने थंड पाणी मागितलं आणि आत्या आत गेली असताना स्वतःच ते दार उघडलं. त्याने ते हळूच पुन्हा लावलं. मग म्हणाला, नळाचं चालेल.

हा साठा आत्याने एकटीने केला नव्हता, आम्ही दोघींनी मिळून केला होता. आत्या नोकरीला होती बस डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. लोक बसमध्ये काय काय विसरतात याच्या तिच्याकडे एक आयुष्य पुरेल एवढ्या गोष्टी आहेत, पण त्या सगळ्यांचं सार एकच: छत्रीसाठी माणूस परत येतो, चपलेसाठी येत नाही. त्याला लाज वाटते. एक चप्पल घालून घरी गेलेला माणूस ती गोष्ट विसरायलाच बघतो. वर्षाच्या शेवटी बाकी सामानाचा लिलाव व्हायचा आणि चपलांना कुणी बोली लावायचं नाही, मग त्या आत्याच्या पिशवीत. बहुतेक एकेकट्या, पण आत्या त्यांची लग्नं लावायची. ही जरा लांब, ती जरा काळी, पण संसार होतो. त्याच्याही मागे गेलं तर तिच्या लहानपणी, माझे आजोबा संपात घरी बसले त्या काळात, तिला आणि माझ्या वडिलांना मिळून एकच बुटांचा जोड होता. सकाळच्या शाळेला वडील, दुपारच्या शाळेला आत्या, फाटकाशी अदलाबदल. "बूट कधी गार झालेच नाहीत," असं ती सांगते, आणि सांगताना तिला त्यात दुःख दिसत नाही, जणू घरात एक चूल सतत पेटती होती असं काहीतरी सांगत असावी. पण त्यातून तिने एक पक्की समजूत करून घेतली. वाईट दिवसांत पोटाचं माणूस कसंही निभावतो, अर्धं खातो, पाणी पितो, शेजारी विचारतात. पण पायात काही नसलं की कुणी दारात उभं करत नाही, कामावर तर नाहीच. म्हणून चांगल्या दिवसांत चपला जमवाव्यात. नवरा ज्या छापखान्यात मशीन चालवतो तिथली एक पाळी बंद झाली त्या आठवड्यात ती वर आली, काही न विचारता, न सांगता मला घाऊक बाजारात घेऊन गेली आणि खोडीच्या मालाच्या ढिगापुढे उभं केलं. पट्टा वाकडा लागलेल्या, रंग उडालेल्या, डावी उजवीपेक्षा अर्धा अंगूळ मोठी. मुळात काळजीखोर मी, त्यात हे. माकडाच्या हाती कोलीत. टाचणीच्या आजच्या पायापासून ती माझ्यापेक्षा मोठी होईपर्यंतच्या सगळ्या मापांचं मी घेऊन ठेवलं. नवऱ्याने विचारलं, तिच्या मुलांचं काय, त्यांनी काय अनवाणी फिरायचं? मी ते मनावर घेतलं असतं, पण आत्या म्हणाली, जागा नाही.

आणि मग दुरुस्ती. फुकटातला आणि खोडीतला माल, त्याला हात लावल्याशिवाय तो पायात जायचा नाही. संध्याकाळी आत्या खिडकीशी बसायची, मांडीवर गोणपाट, शेजारी दाभण, मेण लावलेला दोरा, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, रबराच्या सोल्यूशनची चेपलेली नळी. मी कात्री चालवायची, ती टाके घालायची, टाचणी खिळे देत बसायची. तुटलेल्या अंगठ्याच्या जागी नवा अंगठा ओढून घ्यायला आत्या दात वापरायची, आणि मी त्यावर काही म्हटलं की म्हणायची, हे दात माझे नाहीत, तुला कशाला काळजी. जोड तयार झाला की आमच्या घरची एक पद्धत होती. तो आधी आत्या घालणार. कुणाच्याही मापाचा असो; लहान असला तर बोटं अडकवून, मोठा असला तर फरफटत. आपल्या दारापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, आम्ही सगळ्यांनी श्वास धरून बघायचं, आणि तिने म्हणायचं, "चालतंय." की झालं. डेपोतल्या सवयीने ती त्याला चिठ्ठी बांधायची आणि जोड साठ्यात जायचा. त्या 'चालतंय'वर अपील नव्हतं. नवरा कधी म्हणाला की उजव्या बुटात करंगळीजवळ काहीतरी बोचतंय, तर मीच म्हणायची, आत्याने घालून पाहिलाय तो. टाचणी रडकुंडीला आली शाळेच्या बुटांवरून, तेव्हाही मी हेच म्हणाले: आत्याआजीला नाही बोचला, तुलाच बरा बोचतो.

कॉलेजात मी संख्याशास्त्र घेतलं होतं. आमचे एक प्राध्यापक पहिल्याच तासाला सांगायचे, काहीही मोजण्याआधी ज्याने मोजणार ते तपासा. मी ते वाक्य परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. आणि त्या दुपारी, एका पायावर, हातात ती चप्पल धरून, मला आमच्या घरातले सगळे पाय एकदम दिसले: करंगळीला घट्टा पडलेला नवऱ्याचा पाय, टाचेला फोड आलेला टाचणीचा पाय, दोन्ही पायांवर जरा वाकडी चालणारी मी. आणि आमच्यासाठी चालून बघणारी आत्या, जिला पेन्सिलीचं पुढचं टोकसुद्धा कळलं नव्हतं. अख्ख्या घरात जिच्या पायांना काही कळत नाही त्याच बाईला आम्ही परीक्षक नेमलं होतं. मला हसू आलं. खरंच आलं, आणि मधेच तुटलं, कारण खिळा माझ्या टाचेत एका पावलात शिरला होता आणि ती त्याच्यावर सकाळपासून बाजार करून आली होती.

मी म्हटलं, आत्या, पाय बघू. ती म्हणाली, काय झालंय पायाला? मी खाटेशी गुडघे टेकून बसले आणि तिचा उजवा पाय हातात घेतला. तळव्यावर, टाचेच्या मधोमध, एक काळसर भोक होतं आणि त्याच्याभोवती वाळलेलं रक्त, धूळ, चादरीचे धागे. चादरीवरही डाग होता. आत्या कोपरावर उठून बसली, वाकून तिने आधी तो डाग बघितला, मग माझ्याकडे बघितलं, माझ्या टाचेकडे बघितलं, आणि अगदी आपुलकीने विचारलं, "हे कोणाचं?"

तिला कितीतरी वर्षं साखरेचं दुखणं होतं. गोळ्या ती घड्याळ लावून घ्यायची. दवाखान्यातली डॉक्टरीण दर खेपेला म्हणायची, पायांना जपा, आणि आत्या परत येऊन आम्हाला सांगायची, ती म्हणते पायांना जपा, मी म्हटलं माझ्याएवढं पायांना जपणारं गावात दुसरं कोण आहे, फ्रिजभर चपला आहेत. आता मी तिला रिक्षातून तिथे नेलं. डॉक्टरीण माझ्याच वयाची, घाईची, पण चांगली. तिने जखम धुतली, मग एक बारीक नायलॉनचा दोरा काढला आणि म्हणाली, डोळे मिटा, मी तळव्याला लावला की 'आता' म्हणा. आत्याने डोळे मिटले. शाळेत पाठांतर म्हणायला उभी राहिल्यासारखी ताठ बसली. आणि म्हणाली, आता. जरा वेळाने म्हणाली, आता. पुन्हा तेवढ्याच वेळाने, आता. मी डॉक्टरणीकडे बघत होते. दोरा तिच्या हातात होता आणि हात तिच्या मांडीवर होता. तिने अजून सुरुवातच केली नव्हती. आत्या आपली ठेक्यात 'आता आता' करत पास होत चालली होती. नंतर मात्र दोरा खरोखर लागला, एकदा, दोनदा, इथे, तिथे, आणि तेव्हा नेमकी ती गप्प होती, पुढच्या 'आता'ची वेळ मोजत.

डॉक्टरणीने मला बाहेर घेऊन सांगितलं ते मी इथे थोडक्यात सांगते, कारण तेव्हा ते माझ्या कानांतून बराच वेळ आत गेलं नव्हतं. पायांतली जाणीव गेलीय, ती परत येत नाही. अशा पायाला झालेली जखम भरायला वेळ लागतो, चिघळली तर हॉस्पिटल, आणि मग पाय वाचवायची गोष्ट येते. रोज ड्रेसिंग, भार टाकायचा नाही, घरातसुद्धा अनवाणी नाही, आणि रोज कुणीतरी दोन्ही तळवे बघायचे, कारण ती स्वतः सांगणार नाही; तिला माहीतच नसेल. रिक्षात आत्याने मला एवढंच विचारलं, दादाला सांगणार आहेस का? दादा माझा मोठा भाऊ. दुसऱ्या शहरात, बाविसाव्या मजल्यावर. मनाने फार चांगला, आणि चांगल्या माणसांचा असतो तसा हट्टी. त्याने दोन वर्षांपासून लावून धरलं होतं, आत्याच्या तब्येतीला जरा जरी काही झालं की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार आणि तिला नेणार. आत्या एकदा त्याच्याकडे राहून आली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत मऊ गालिचा, चपला दाराबाहेर, खाली जायचं तर कुणीतरी लिफ्टपर्यंत सोडणार. आठवड्यात परत आली. तिचं म्हणणं होतं, तिथे सगळं चांगलं आहे, फक्त माणूस कुठे पोचत नाही. इथे ती सकाळी उठून डेपोपर्यंत जाते, जुन्या ड्रायव्हरांना दोन टोमणे मारते, येताना उन्हात उभी राहते, कुलूप स्वतः उघडते. एवढंच तिचं आयुष्य आहे आणि ते सगळं त्या दोन पायांवर उभं आहे. मी म्हटलं, जखम भरली तर नाही सांगणार. तिने मान हलवली. मग खिडकीबाहेर बघत, माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "मला वाटत होतं, माझा हात बसला."

मला कळायला वेळ लागला. आधी तिने दुरुस्त केलेलं तिला स्वतःला बोचायचं. टाका वर आला की कळायचं, खिळा तिरका गेला की कळायचं, ती उसवून पुन्हा करायची. मग हळूहळू बोचेनासं झालं. दोन-तीन वर्षांत एकही जोड बोचला नाही. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी, या वयात, आपल्याला ही विद्या आली. ती किती खुशीत होती त्या काळात, ते मला आठवलं. जिन्यापासून परत येताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते. मी तिचा हात धरला. तो नेहमीसारखाच होता, मेणाचा वास येणारा, अंगठ्यावर दोऱ्याचा घट्टा पडलेला. रिक्षावाल्याने एका खड्ड्यातून गाडी घातली आणि आत्या म्हणाली, याच्या रिक्षालासुद्धा काही कळत नाही बघ. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाल्याने आरसा आमच्याकडे वळवला.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस म्हणून सांगायला हवेत, पण तसे ते नव्हते. काळजी होती, आणि सकाळी ड्रेसिंग सोडून जखमेची कड कालच्यापेक्षा आत सरकलीय की बाहेर, हे बघताना मला टाचणीचा जन्म झाला तेव्हाची पहिली रात्र आठवायची, ती श्वास घेते आहे ना एवढंच बघत बसलेली. पण बाकी घरभर एक प्रकारची जत्रा होती. आत्याच्या 'चालतंय'वर साठ्यात गेलेला प्रत्येक जोड आता संशयित होता. नवऱ्याने माळ्यावरची पोती खाली ओढली, फ्रिज रिकामा झाला, आणि आम्ही तिघं जिन्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत येऊ लागलो. आत्या स्टुलावर पाय ठेवून दारात बसलेली, पांढऱ्या पट्टीतला पाय एखाद्या पाहुण्यासारखा पुढे मांडलेला. नवऱ्याने एक बूट घातला, दोन पावलं टाकली आणि उभ्या उभ्या कबुली दिली, वर्षभर हा बूट त्याला चावतोय. आत्याने विचारलं, मग जावईबापू, तोंड शिवलं होतं का मी? तो म्हणाला, आत्याबाई, तुम्ही पास केलेला, मी कोण नापास करणारा? टाचणीला तर सूड घ्यायची संधी मिळाली. ती प्रत्येक जोडात पाय घालायची, न्यायाधीशासारखी डोळे मिटायची, आणि म्हणायची, बोचतंय. न बोचणारेही तिने बोचवले. शेवटी नवऱ्याने नियम केला की बोचतं कुठे ते बोट लावून दाखवायचं. वर आलेले टाके, तिरके खिळे, आत दुमडलेली ट्यूब. एका बुटात तर चक्क दाभणाचं मोडलेलं टोक निघालं, आणि आत्या म्हणाली, अरे, हे इथे होतं होय, मी घरभर शोधलं. तेव्हाच आम्ही ठरवलं की यापुढे खिळा नाही, फक्त टाका आणि सोल्यूशन. आणि आत्या शिवणार, घालणार टाचणी. आत्याने ते ऐकून घेतलं. मग टाचणीला जवळ बोलावून म्हणाली, टाच आधी टेकव, चवड्यावर नाचू नकोस, वळताना सगळा भार बाहेरच्या कडेवर घे, तिथेच खोटं पकडलं जातं. खुर्ची सोडताना माणूस किल्ल्या देतो तसं सांगितलं तिने.

दादाचा फोन रविवारी यायचा. तो विचारायचा, आत्या काय करतेय? मी म्हणायची, पाय वर करून बसलीय. तो खूश व्हायचा, म्हणायचा, चला, शेवटी आराम करायला शिकली. मी खोटं बोलत नव्हते. पण फोन ठेवल्यावर मला वाटायचं, हे खरंही बोलत नाहीये मी; जखम उद्या लाल झाली, ताप आला, तर हा आराम मला कुठल्या तोंडाने समजावून सांगता येईल? मी आत्याचा हट्ट पुरवते आहे की आत्याचा पाय पणाला लावते आहे? स्वयंपाक करताना हा प्रश्न भाजीच्या वाफेबरोबर वर यायचा. एकदा मी आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, पाय माझा आहे ना? मग पणालाही मीच लावलाय, तू फक्त पट्टी बदल. पुढच्या खेपेला डॉक्टरणीने जखम दाबून बघितली, खालून कोवळी गुलाबी कातडी आली होती, टाचणीच्या गालासारखी. ती म्हणाली, भरतेय. आत्या लगेच मला म्हणाली, सांग आता दादाला काय सांगायचं ते. मी त्या रविवारी त्याला सगळं सांगितलं. तो चिडला, मग रडला, मग गाडी काढतो म्हणाला. आत्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला विचारलं, तुझ्याकडे चपला दाराबाहेर; मग गालिच्यात हरवलेली सुई कोणाच्या पायात न कळता शिरेल, तुझ्या की माझ्या? तो आला, पण गाडीत मऊ तळाच्या चपलांचे जोड घेऊन आला, भारी, नवेकोरे, आणि ते सगळे टाचणीने जिन्यापर्यंत चालून बघेपर्यंत त्याला चहा मिळाला नाही.

वाईट दिवस यायचे ते आलेच. छापखाना बंद झाला. नवऱ्याला काम मिळालं ते दूरच्या गावी, पुठ्ठ्याची खोकी करायच्या कारखान्यात, आणि आम्हाला जावं लागलं. आत्याला मी पुष्कळ विनवलं. ती म्हणाली, तुमच्या संकटात माझी गर्दी कशाला, आणि आमच्या ट्रकमध्ये पोती चढवून दिली. त्या पोत्यांनी आम्हाला खरंच तारलं. पहिल्या वर्षी घरात नव्या कपड्याची चिंधी आली नाही, पण टाचणीचा पाय वाढला की पोत्यातून पुढचं माप निघायचं, आणि कारखान्याच्या ओल्या फरशीवर नवऱ्याच्या पायातले बूट फाटले तरी दुसऱ्या दिवशी तो धडक्या बुटांनी कामावर जायचा. टाचणी आता मोठी झाली आहे. नव्या शाळेतल्या मुली तिच्याकडे बूट घालून बघायला देतात, का ते तिलाच ठाऊक. आत्याशी रोज बोलणं होतं. मी विचारते, आज तळवे बघितलेस? ती म्हणते, बघितले, आरसा जमिनीवर ठेवून बघितले, पाय जागेवर आहेत. डॉक्टरणीची बदली झाली. आमच्या जागेत नवं कुटुंब आलंय, त्यांचे जिन्यातले आवाज मला फोनमध्ये ऐकू येतात, पण ती माणसं कशी आहेत ते त्यावरून कळत नाही. आणि आत्याचा आवाज इतका आनंदी असतो की त्याचीच मला भीती वाटते.

म्हणून तुम्हाला सांगते. बस डेपोच्या मागच्या रस्त्याने आलात की उजव्या हाताला निळ्या फाटकाची इमारत आहे. तळमजला, डावीकडचं दार. रिकाम्या हाताने जाऊ नका, तिला विचारपूस केलेली खपत नाही. एखादी तुटकी चप्पल घेऊन जा. तुटकी नसेल तर फाटकापाशी तोडा. ती तुम्हाला बसवून घेईल, तुमच्या चालण्यावरून चार शब्द ऐकवील, चष्मा शोधायला लावील. दोरा ओवायला ती खिडकीकडे वळली की सहज म्हणा, आत्याबाई, जरा पाय वर घ्या बरं. ती म्हणेल, मला काही दुखत नाही. ते खरंच असेल. त्यावर जाऊ नका. उजेडात धरून तळवा बघा, टाच बघा, बोटांच्या मधल्या फटी बघा. आणि दोन्ही पाय बघा. ती एकच दाखवते.